गोळी कुठवर गेली

कुडवा, गोंदिया
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय योगेश्वरीताई,
सप्रेम जयभीम.

आज सुट्टी होती. सकाळच्या बसने देवरीला आणि तिथून चिचगडला सासूबाईंकडे जाऊन आले. जेवण तिथेच झालं. रस्त्याने सगळीकडे धानाची कापणी चालू आहे. संध्याकाळी परत आले, अंगण झाडलं आणि लिहायला बसले. प्रयोगशाळेत तुम्ही सगळे खुशाल असाल.

राजदीप गेल्यावर आम्ही तुमच्याकडे सोपवलेल्या त्यांच्या मेंदूच्या एका कापाचं चित्र तुम्ही पाठवलं, त्याबद्दल फोनवर आभार मानले होते. पण फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. म्हणून पत्र.

चित्राची रंगीत प्रत काढायला छोटेलालच्या दुकानात गेले होते. निळ्यामध्ये पिवळं, लाल बघून तो म्हणाला, "मॅडम, ये कौन से जिले का नक्शा है? बारिश का है क्या?" मी म्हटलं, "घर का है." त्याने प्रत काढली आणि लॅमिनेशन करून दिलं.

तुम्ही जे समजावलं ते मला कळलं, कारण मी आयटीआयमध्ये शिवण शिकवते. केसापेक्षा पातळ काप, आणि त्यावर एकेक ठिपका घेत जाणारा किरण. आम्ही भरतकामाचा नमुना चौकटीच्या कागदावर एकेक घर मोजत उतरवतो, तसंच ते. प्रत्येक घरातून जे निघेल त्याचं यंत्र वजन करतं, आणि गोळीतल्या औषधाच्या कणाच्या वजनाचं काही सापडलं की त्या घरात रंग भरतं.

सासूबाईंबद्दल मी तुम्हाला फार सांगितलं नव्हतं. त्यांचं नाव रुख्मा. चिचगडमध्ये त्यांच्या हातगुणाचं नाव होतं. डॉक्टरकडून औषध आणलं तरी पहिला घोट त्यांच्या हातून द्यावा म्हणून लोक दारी यायचे.

राजदीप यांच्या डोक्यात गाठ निघाली तेव्हा सुरुवातीचे महिने गोळ्या मी देत होते. आजार वाढतच गेला. मग एक दिवस सासूबाई इथे राहायला आल्या आणि पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "तुह्या हाताले गुण नाही वं. आण इकडं." मी गोळ्यांचा डबा त्यांच्याकडे दिला. त्यानंतर शेवटच्या सकाळपर्यंत, नागपूरच्या दवाखान्यातसुद्धा, त्यांनीच गोळी दिली. त्याच दुपारी राजदीप गेले.

तेव्हापासून त्यांनी कोणालाही औषध देणं सोडलं. "माहा हातच मेला," म्हणायच्या. स्वतःची बीपीची गोळीही घेईनात. मागच्या महिन्यात चक्कर येऊन अंगणात पडल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच चाललं तर पुढची चक्कर शेवटची ठरेल. म्हणून मी आज चित्र घेऊन गेले.

त्यांनी ते खाटेवर ठेवून बराच वेळ पाहिलं.

"यात राजदीप कुठं आहे?"

"आई, हे सगळं राजदीपच."

"अन् हे लाल?"

"गोळी. तुम्ही दिलेली. गाठीच्या आत पोहोचली होती."

"मशीनले कसं समजते, ते गोळीच होय म्हून?"

"वजनावरून."

"इतकुशाचं वजन! आपला काटेवाला तं धानाचं पोतं धड मोजत नाही."

मला हसू आलं. त्याही हसल्या. मग त्यांनी कडेच्या निळ्यावर बोट ठेवलं. "इथं काऊन नाही?"

तुम्ही सांगितलं होतं तसंच मी सांगितलं. रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं ते ठरवणारं एक दार असतं. गाठीत ते मोडलं होतं म्हणून औषध आत शिरलं. पण गाठीचे बारीक दोरे पुढे पसरले होते आणि तिथे दार शाबूत होतं. तिथे कोणीही दिली असती तरी ही गोळी गेली नसती.

त्यांनी बोट परत लालवर आणलं. मग म्हणाल्या, "अन् तुह्या गोळ्या कुठं आहेत यात?"

"त्या यात नाहीत, आई. यात शेवटचंच दिसतं."

ताई, चित्र आलं त्या दिवशी मी सगळ्यात आधी तेच शोधलं होतं. जुन्या गोळ्या शरीरातून निघून जातात, त्यांची खूण राहत नाही, असं तुम्ही म्हणालात. मी फोनवर फक्त "बरं" म्हटलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गोळीले काय समजते वं, कोणाचा हात होय म्हून? माही पोहोचली, तं तुही बी पोहोचलीच."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "फळीवर माही बीपीची पुडी आहे. आण, अन् तुह्या हातानं दे."

मी दिली. त्यांनी पाण्याबरोबर गिळली आणि तोंड वाकडं केलं. "कडू आहे. त्यालेबी अशीच लागत असन."

निघताना त्यांनी उद्याची गोळी वेगळी काढून ठेवलेली मी पाहिली.

मेंदूचा उरलेला भाग दुसरी औषधं तपासायला ठेवावा का, असं तुम्ही विचारलं होतं. आम्हा दोघींचा होकार आहे. सासूबाई म्हणाल्या, "ते दार उघडाचं औषध शोधून राहिले असन तं ठेवा म्हणा."

आमच्यानंतर राजदीप यांना तुम्ही हाताळलं, आणि इतक्या जपून हाताळलं. याचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही. एवढं लिहिलं, ते त्यासाठीच.

पाकिटावर पत्ता घातला आहे. आता तांदूळ निवडून भात टाकते.

तुमची ऋणी,
अल्का राजदीप मेश्राम