तळं बंद होणार त्या आठवड्यात

सोमवार, ता. ३

तळं बंद होणार! येत्या रविवारी.

नातीने दात घासता घासता सांगितलं, तोंडात फेस. "आजी, तुझा गेम गेला. कंपनीने जाहीर केलंय." मी म्हटलं, तळं कसं बंद करतात? नळ आहे का तो? म्हणाली, कंपनीची मशीनं असतात कुठेतरी, ती बंद केली की सगळं गेलं. डोंगर, धुकं, पाण्यावरची नाव, सगळं. कुठेतरी म्हणजे कुठे, ते तिलाही ठाऊक नाही. शिकलेली आहे म्हणे!

गुडघे गेल्यापासून या खोलीतून गॅलरीपर्यंत आणि परत, एवढंच माझं फिरणं. नातीने तिचं जुनं मशीन मला लावून दिलं ते माझी कटकट थांबावी म्हणून. गेममध्ये मारामारी नाही, जिंकायचं काही नाही. नुसतं चालायचं. आणि तिथे मला गुडघे आहेत! दुपारी घर रिकामं झालं की हेडफोन चढवते आणि गवतातून तळ्याकडे उतरते. तिथे नावाडी येतो.

मंगळवार, ता. ४

हा नावाडी म्हणजे खरंच कोणीतरी माणूस, आपल्या घरी बसून खेळणारा. टोपी नाकापर्यंत ओढलेली. नावाच्या जागी नुसता ठिपका. कधी एक शब्द नाही. मी काठावर आले की कंदील वर करतो — म्हणजे बसा. मी बसते, तो वल्हवतो. पलीकडे वेगळं काही नाहीच. तसाच काठ, तसंच गवत. उतरते, परत बसते.

आणि मध्ये बोलत राहते. त्याला ऐकू थोडंच जातं, म्हणून तर बरं! सुनेबद्दल पोटभर बोलते. आज म्हटलं, बाबा रे, आमची सून म्हणजे बंद दुकान. पाटी आहे, दिवा आहे, आत कोणी नाही. दिवसभर लोकांना चष्मे विकते आणि घरी आली की माझ्याकडे धड बघत नाही.

पाणी इतकं गप्प होतं की नाव पुढे चालली आहे की डोंगरच मागे सरकताहेत, कळेना. खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा दाराशी सून चपला काढत होती, आणि मला वाटलं, काठ आला.

बुधवार, ता. ५

नात आणि तिचा जोडीदार — मी त्याला पोपट म्हणते, एकदा सुरू झाला की थांबत नाही — दोघं आज त्यांचं पॉडकास्ट करत होते. कुठे? कपड्यांच्या कपाटात! कपडे आवाज गिळतात म्हणे. दोन मोठी माणसं कोटांच्या खाली उकिडवी. आतून बातम्या येत होत्या. अमक्या कंपनीने तमकी विकत घेतली. एक गेम तिसऱ्यांदा पुढे ढकलला, लोक रुसले. तळंवाल्या कंपनीने निम्मी माणसं काढली, तीही मोबाइलवर निरोप धाडून. समोर बसवून सांगायला काय जीभ झडली असती?

मग पोपट ओरडला, "आता खास विषय! आजी आणि तिचा नावाडी!"

मी कपाटाचं दारच उघडलं. नात म्हणाली, "आजी, रेकॉर्डिंग चालू आहे ना!" मी म्हटलं, असू दे. मग कळलं — रविवारी शेवटच्या दिवशी ती माझा खेळ सगळ्यांना थेट दाखवणार. आणि सगळ्यांसमोर नावाड्याला विचारणार, तू कोण?

मी म्हटलं, तो काय सांगणार, तो तर बहिरा. नात हसली. "अगं, बहिरा कसला? नावेत जवळ बसल्यावर तुझा आवाज जातोच त्याला. माइक चालू असतो तुझा!"

मेले!

सगळं ऐकलं त्याने. बंद दुकान ऐकलं, पाटी ऐकली, दिवा ऐकला. रविवारी जगासमोर तोंड उघडलं तर? सून या घरात राहते, आणि मलाही याच घरात राहायचंय.

गुरुवार, ता. ६

तळ्यावर गेले नाही. भिंतीकडे बघत बसले. भिंत काही वल्हवत नाही.

शुक्रवार, ता. ७

गेले. धुकं खाली उतरलेलं, पाण्याखाली बारीक दिवे लागलेले — ते माशांचे की आभाळाचे, देव जाणे.

विचारलं, ऐकतोस का रे? कंदील वर गेला.

म्हटलं, मग नीट ऐक. सुनेबद्दल जे बोलले ते कुणापाशी ओकलास तर बघ! कंदील तसाच. आणि एवढं ऐकलंच आहेस तर हेही घे. रोज माझ्या गुडघ्यांना मलम तीच लावते. माझा मुलगा लावतो तेव्हा भिंत रंगवल्यासारखं लावतो. तिच्या हाताला घाई नसते. ही स्तुती नाही, माहिती आहे.

नाव मध्येच थांबली. वल्ही पाण्यात तशीच. पाण्यावर तरंग गोल गोल उठत गेले, काठापर्यंत पोहोचले, विरले. मला वाटलं, त्याची लाइन गेली. मग सावकाश निघाला.

शनिवार, ता. ८

नातीला म्हटलं, उद्याचं रद्द कर. म्हणाली, "आजी, दोन वर्षं रिकाम्या खोलीशी बोलतेय गं मी. पहिल्यांदा माणसं येणार आहेत." केस विंचरून घ्यायला सांगितलंय मला.

जेवताना सून म्हणाली, "उद्या दुकानात माल लावायचाय, मी नसेन." मनात म्हटलं, सुटले!

रविवार, ता. ९

तोंडावर ऊन पडावं तसा दिवा लावला होता नातीने. पडद्याच्या कडेला लोकांचे शब्द मुंग्यांसारखे धावत होते. इतकी माणसं! कानात पोपट चालूच.

नावाडी आला. मी बसले.

मधोमध नातीने विचारलं, "नावाडीदादा, आज नाव सांगाल? सांगणार असाल तर कंदील वर करा." कंदील खालीच. मुंग्या चवताळल्या. पोपट म्हणाला, परत विचार, परत विचार! नात माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "गप्प बसा रे सगळे! एवढी माणसं एका नावेत चढली तर बुडेल ती!"

पोपटसुद्धा गप्प. नात हळूच म्हणाली, "राहू दे. नुसतं बघूया." मुंग्याही थांबल्या. पण गेलं कोणी नाही. सगळी माणसं गप्प बसून आमच्याबरोबर तरंगत राहिली.

आधी डोंगर गेले. मग गवत. मग दोन्ही काठ. उतरायला जागाच उरली नाही. पाणी, नाव, कंदील. मी म्हटलं, बरं बाबा, येते. तेवढ्यात काळं झालं आणि त्या काळ्यात माझंच तोंड दिसलं, केस विंचरलेलं.

नात नाक पुसत होती. विचारलं, सर्दी झाली का?

सोमवार, ता. १०

सून कामावर निघाली होती. चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तुम्हाला वल्हवता वल्हवता माझी जेवणाची सुट्टी संपायची हो. आता जे काय असेल ते घरातच बोलत जा. फक्त इथे उत्तर मिळेल, तयारी ठेवा."