नांगर तळाला टेकला आहे काय?

कुर्कीसारी बेट, फिनलंड
४ मे

चि. हिल्कास अ. उ. आ.

तुझ्या लग्नाला कसा येऊ? होडीच जप्त झाली, आणि चौकशी संपेपर्यंत बेटही सोडायचं नाही. समुद्राखालची आपल्या दोन देशांमधली वीजवाहिनी कुणीतरी नांगराने फरफटत नेऊन तोडली, हे तुला काय सांगायचं, अंधारात तूच बसली आहेस. त्यावर आठ देशांची समिती बसली. तिने होडीवाल्यांना फॉर्म पाठवला : आपला नांगर समुद्राच्या तळाला टेकला आहे काय? बाकीच्यांनी त्यात मासे गुंडाळले. मी लिहिलं, हो, रोज. नाहीतर नांगर कशाला?

नांगर बारा किलोचा, वाहिनी माझ्या मांडीएवढी. तसं म्हटलं, तर समितीचे साहेब म्हणाले, वाहिनीवरून गेलेल्या त्या मोठ्या जहाजाचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्याचा, खलाशी तिसऱ्याचे, विचारायचं कुणाला? तुमचा निदान पत्ता आहे, आणि कॉफीही बरी असते.

नवरदेवाला नमस्कार. राग धरू नकोस.
तुझा दादा, ताइस्तो

एस्टोनिया
११ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

साठी उलटली तरी खोटं बोलायला शिकला नाहीस! इथे वीज नाही, पण आठ देशांचा तीव्र निषेध मात्र रोज वेळेवर येतो. त्यावर बटाटे शिजत नाहीत.

माझा हात तुझ्याशिवाय कुणी द्यायचा नाही. तेव्हा लग्नच तुझ्या बेटावर. नवरदेवाच्याच, काल्योच्या होडीने येतो. फॉर्म आला तर 'नाही' लिही, असं त्याला बजावलं आहे.

लोभ आहेच, तो जप्त होऊ देऊ नकोस.
हिल्का

कुर्कीसारी
२६ जून

चि. हिल्कास अ. उ. आ.

लग्न झकास झालं. जेवायला आलेल्या समितीने हेरिंग मासे संपवले. तू कोंबड्यांसाठी फेरीबोटीने परतलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेबांनी काल्योला फॉर्म दिला. त्याने लिहिलं, हो, हा काय टेकलाय, दोर ओढून बघा. होडी गेली, चौकशी संपेपर्यंत त्यानेही बेट सोडायचं नाही. कधी संपेल विचारलं, तर म्हणाले, अजून सुरू कुठे झाली?

तुझा नवरा माझ्या सॉनात वाफ घेत गातो. नेण्याचं बघ.
ताइस्तो

एस्टोनिया
३ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

मलाही फॉर्म आला : नातलगांपैकी कुणाचा नांगर तळाला टेकला आहे काय? मी ठणकावून लिहिलं, आमच्या घराण्यात नांगर तरंगतात. समिती खूश. चार महिन्यांत मिळालेलं पहिलं समाधानकारक उत्तर म्हणे! मला नववी सदस्य नेमलं आहे.

गुरुवारी सरकारी बोटीने संशयिताच्या तपासणीला येते. तपासणी सविस्तर होईल, महिनाभर तरी. काल्योला म्हणावं, दाढी कर. आणि दादा, सॉना तापव. इथे वीज नसली तरी तिथे लाकडं आहेत.

तुझीच खोटारडी,
हिल्का