पोप गेले, आणि आक्काचा डबा

बेळगाव, सोमवार, संध्याकाळ

पोप गेल्याचं कोर्टातच कळलं होतं. घरी आलो, तर माझी थोरली बहीण, आक्का, डब्यात पिठलं-भाकरी भरत होती. म्हणाली, "शेजारी मारियाबाईंना देऊन ये जा रं. त्यांचं वडीलधारं माणूस गेलंय. आज चूल पेटायची न्हाय."

रोममध्ये गेलेल्या माणसासाठी बेळगावात पिठलं? किती समजावलं. कालच त्यांचा ईस्टर झाला, त्यांच्यात अशी रीत नाही, हसतील लोक.

"हसू देत की," म्हणाली.

मारियाबाईंच्या दारातच कोंबडीच्या रश्श्याचा वास आला. आत गॅसवर पातेलं रटरटत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आक्काचा निरोप जसाच्या तसा सांगितला. बाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला.

"पोपनी राहायला राजवाडा घेतला नाही, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांच्या इमारतीत राहायचे. सगळ्यांच्यात बसून जेवायचे."

हे मीही पेपरात वाचलेलं. वाचून पान उलटलेलं.

मग त्या आत गेल्या आणि गॅस बंद केला. पोपसाठी, की आक्काच्या डब्यासाठी? संध्याकाळभर तेच डोक्यात. मला काय करायचंय, तरी ते पातेलं काही डोळ्यांपुढनं हलत नाही.

घरी आल्या आल्या आक्कानं विचारलं, "चूल बंदच हुती न्हवं?"

"होय, बंद होती," म्हणालो.

वकिलाचं उत्तर. पण मी निघालो तेव्हा खरंच बंद होती.