कीथ ओल्डनोला धडा शिकवताना

३ सप्टेंबर, मंगळवार
आजपासून कीथ ओल्डनो माझा मित्र नाही. सदतीस वर्षं होता. कारण लिहून ठेवतो, पुढे मन नरम पडायला नको.
आज बर्टन एल मंडळाची बैठक. बिअर महोत्सवाचे परीक्षक ठरवायचे होते. गेली अकरा वर्षं पेल एल या फिकट बिअरचा परीक्षक मीच. अध्यक्षांनी माझं नाव वाचलं आणि कीथ उठून सगळ्यांदेखत म्हणाला, "नॉर्मनची जीभ गेलीय. यंदा राहू द्या त्याला."
माझ्या जागी कोण? कीथच. ज्याने जन्मभर ब्रुअरीत पाइप जोडले, तो.
मी उठलो. कोट चढवला आणि ताठ मानेने निघालो. बाही उलटी होती म्हणून जरा वेळ लागला.
सूड घेणार. थंड डोक्याने.

४ सप्टेंबर
योजना तयार. गावातल्या एकूण एक पबात जाऊन तिथली पेल एल चाखायची. टिपणं काढायची. ती वाचून मंडळ माफी मागेल. कीथही मागेल. त्याला माफ करायचं नाही.
ब्रेंडाला सांगितलं. ती म्हणाली, तेवढंच चालणं होईल तुझं. बायकोला प्रकरणाचं गांभीर्य कळलेलं नाही.

८ सप्टेंबर, रविवार
नऊ पब झाले. नऊही टिपणांत 'समतोल' हाच शब्द आलाय. इलाज नाही. हल्ली सगळे एकाच चवीची बिअर करतात. यावर मंडळाला वेगळं पत्र लिहिणार.
'मिलर्स रेस्ट' पबाच्या ग्लेनिसने काउंटरवर ग्लास ठेवला. दोन घोट घेऊन मी मत दिलं. ती म्हणाली, "राजा, ती शेजारच्या गिऱ्हाइकाची सफरचंदाची सायडर आहे. तुझी बिअर अजून भरतेय."
सायडरही समतोल होती.

११ सप्टेंबर
घरात कटकट. टोस्ट जळून कोळसा झाला, स्वयंपाकघरात धूर, आणि मी दाराला लागून पेपर वाचत बसलो होतो म्हणे. त्यात नासलेल्या दुधाचा चहा दोन कप प्यायलो म्हणे. मी म्हटलं, पोट मजबूत आहे, यात तक्रार कसली?
ब्रेंडा म्हणते, फेब्रुवारीतल्या तापापासून हे चाललंय, डॉक्टरला दाखव. हे तिच्या डोक्यात कुणी घातलं? खोदून विचारलं. कीथ बाजारात भेटला होता.
म्हणजे तो माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. सूड मोठा करावा लागणार.

१२ सप्टेंबर, सकाळी
टिपणांची वही रद्द. नवी योजना. जाहीर सामना, मी विरुद्ध कीथ. 'मिलर्स रेस्ट', शनिवार २१, भर दुपारी. प्रत्येकापुढे तीन ग्लास, तिन्ही पेल एल, नावं झाकलेली. उत्तम कोणती ते सांगायचं.
खरी गंमत इथेच लिहितो. कीथच्या तिसऱ्या ग्लासात मी सडकी बिअर ओतणार. एक जग भरून बागेतल्या शेडमध्ये उघडा ठेवलाय. कीथ घोट घेईल, थुंकेल, सगळ्यांच्या बुटांवर. पुढची वीस वर्षं गाव बोलेल.

१५ सप्टेंबर
कीथला फोन केला. नाही म्हणाला. पुन्हा केला. म्हणाला, मला तुझ्याशी सामना खेळायचा नाही, डॉक्टरकडे चल, मी येतो बरोबर. घाबरलाय. मी म्हटलं, ठीक, मंडळात सांगतो की पळालास. मग 'येतो' म्हणाला.

१८ सप्टेंबर
ब्रेंडा विचारते, शेडमध्ये काही मेलंय का? मी त्या बिअरपाशी नाक नेऊन पाहिलं. काहीही वास नाही. तिला वाढवून सांगायची सवयच आहे. तरी आणखी तीन दिवस आहेत, मुरेल.

२१ सप्टेंबर, शनिवार, सकाळी ९
आज. स्वच्छ शर्ट. सडकी बिअर थर्मासमध्ये.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
क्रमाने लिहितो.
मंडळ सगळं हजर. ग्लेनिस वळली तेवढ्यात काम केलं. कीथचा ट्रे, तिसरा ग्लास. मग ग्लेनिसला न्यायबुद्धी सुचली. कुणी पक्षपात म्हणायला नको म्हणून तिने आमचे ट्रे बदलले आणि ग्लासही मागेपुढे केले.
मी डगमगलो नाही. अकरा वर्षांचा परीक्षक. सडका ग्लास एका हुंगण्यात कळेल. तिन्ही हुंगले. तिन्ही चाखले. मग डावीकडचा उचलून म्हणालो, "ही. हॉप्सच्या फुलांचा कडवट वास, खाली बिस्किटाची चव. यंदाची सर्वोत्तम." दुसरा घोटही घेतला.
अध्यक्षांनी तो ग्लास घेतला, नाकाशी नेला आणि लांब धरला. शेजारच्या टेबलावरची बाई खुर्ची सरकवून उठली. कुणी हसेना. हसले असते तर बरं झालं असतं.
तेवढ्यात कीथने अध्यक्षांच्या हातून ग्लास काढून घेतला. माझ्याकडे पाहिलं. आणि एका दमात सगळा रिकामा केला. डोळ्यांत पाणी. ओठ पुसून म्हणाला, "नॉर्मन बरोबर सांगतोय. हीच."
मग मात्र हसले. कीथला.

२४ सप्टेंबर
मंडळाने कीथला परीक्षकपदावरून काढलं. त्याचीही जीभ गेली म्हणे. दोन दिवस तो पोट धरून पडून होता. आता गावात त्याला 'बिस्किट' म्हणतात.
सूड पूर्ण. ठरवलं होतं त्याहून जास्तच.
जेवण गेलं नाही.

२६ सप्टेंबर
कीथकडे गेलो. दार त्यानेच उघडलं. ते तुझ्यासाठी होतं, मी ओतलं होतं, असं सांगून टाकलं. तो म्हणाला, वास आला तेव्हाच कळलं, ब्रेंडाने शेडबद्दल सांगितलं होतं.
मग प्यायलास कशाला?
"तू त्यांच्यात एकटा उभा होतास," तो म्हणाला. "आत ये, दार उघडं आहे, थंडी येतेय."

२८ सप्टेंबर, शनिवार
महोत्सव सुरू झाला. आम्ही दोघं 'मिलर्स रेस्ट'मध्ये. मला फेब्रुवारीपासून कशाचीच चव लागत नाही, वासही येत नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.
ठरलं असं की कीथने एक घोट घ्यायचा आणि कशी लागते ते मला सांगायचं, मग मी प्यायची. त्याने घोट घेतला, छताकडे पाहत खूप विचार केला आणि म्हणाला, "चांगली आहे."
आणखी सांग म्हटलं.
पुन्हा घोट. पुन्हा छत.
"खूप चांगली आहे."
परीक्षक म्हणून हा माणूस अगदीच टाकाऊ. मी ग्लास उचलला आणि प्यायलो.