बटणांच्या डबीतल्या गोळ्या

प्रिय भाऊजी,

परवा तुमचा फोन मी मुद्दाम घेतला नाही. कामात होते असं नंतर कळवलं, ते खोटं. तोंडून काही वावगं जाईल अशी भीती वाटली. लिहिताना माणूस जरा ताळ्यावर असतो. कागद पाठकोरा आहे, चालवून घ्या.

तुमचे दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. ह्यांच्या उदासीच्या आजारावर चुंबकाच्या यंत्राचे ठोके डोक्यावर घ्यायला आम्ही जात होतो, ते दिवस आठवतात. पहिल्या दिवशी डॉक्टर डोक्यावर नेमकी जागा शोधत होते. ठोका पडला की ह्यांचा अंगठा आपोआप उडायचा. हे म्हणाले, बायको सांगून थकली तरी माझं बोट हलत नाही, तुमचं यंत्र भारीच! कितीतरी महिन्यांनी ह्यांच्या तोंडून थट्टा ऐकली. मी बाहेरच्या बाकावर जप करत बसायचे. हळूहळू जेवण वाढलं, दाढी रोज होऊ लागली, भाजीवाल्याशी हुज्जतसुद्धा घातली. माझ्या जिवात जीव आला.

डॉक्टरांनी बजावलं होतं, ठोके चालू असताना गोळ्यांत परस्पर बदल करायचा नाही, यंत्राचा जोर त्या बघूनच लावलाय. आणि ठोके संपले म्हणून गोळ्या संपल्या असं नाही; कमी करायच्या त्या आम्हीच करू, बेताबेताने. हे मी तुम्हालाही कळवलं होतं. तरी तुम्ही ह्यांना फोनवर सांगितलंत, मेंदू दुरुस्त झाला, आता कशाला ते गोळ्यांचं लचांड? वहिनीला बोलू नकोस, ती घर डोक्यावर घेईल.

तुमचा शब्द ह्यांनी कधी खाली पडू दिलाय? माझ्या हातून गोळी घ्यायचे, वर पाणी प्यायचे, गोळी जिभेखाली. सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून मी डबी उघडली, तर बटणांत त्या गोळ्या, रंग उडालेल्या. फेकल्या नाहीत हो. ह्या घरात काही टाकायचं नाही, हे माझंच वळण. तेवढं मात्र पाळलं! विचारलं तेव्हा रडत सगळं सांगितलं, आणि वर मलाच म्हणाले, धाकट्याला दोष देऊ नकोस.

आता डॉक्टर म्हणतात, आधी गोळ्या नीट सुरू होऊ देत, मग पुन्हा यंत्राचं बघू. पण हे तोंडच उघडत नाहीत. मी देवाची शपथ घातली, पाया पडले. म्हणतात, धाकटा सांगेल तर घेईन, त्याला कळतं. उशाशी इतकी वर्षं मी बसले, भाऊजी. तुम्ही पाहुण्यासारखे येऊन गेलात.

म्हणून हे पत्र. देवाजवळ मागताना मला कधी लाज वाटली नाही, तुमच्याजवळ वाटते आहे. पत्र मिळताच फोन करा, मी तो ह्यांच्या कानाला धरून उभी राहीन. माझं चुकलं, हे म्हणणं जड जात असेल तर राहू द्या. नुसतं 'दादा, गोळी घे' म्हणा. वहिनी सांगते म्हणून घे, असं मात्र चुकूनही म्हणू नका.

अजून तरी तुमचीच,
वहिनी