चार माणसांचा खोका

पोरी,

तू दर शनिवारी पाठवतेस तो स्वयंपाकाच्या सामानाचा खोका मिळतो. दोन माणसांपुरतं सगळं मोजून, लसणाच्या चार पाकळ्यासुद्धा वेगळ्या पिशवीत. तीस वर्षं रांधतेय मी, आता मला लसूण मोजून देतात!

पण तुझे बाबा रमतात. सोबतचा कागद ते वाचतात, मी परतते. "कांदा गुलाबी करा," म्हणाले की मी विचारते, "काळा करून दाखवू?" मग हसतात. तू आपल्या मनाने लग्न केलंस तेव्हापासून या घरात कोणी हसलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलंय, माझ्या कामावरची मालकीण देते. तुझ्याकडून आलेलं ते तोंडात घालणार नाहीत, ही धास्ती. खोटं सांभाळून दमले बाई.

काल रिकामा खोका टाकायला निघाले, तर "थांब" म्हणाले आणि त्यावरची पत्त्याची चिठ्ठी सोलून घेतली. ती ठेवायला त्यांनी कपाट उघडलं, तर आत अशा नऊ चिठ्ठ्या निघाल्या. प्रत्येकीवर पाठवणारी म्हणून तुझं नाव. मी मेली बारीक अक्षर कधी वाचतच नाही!

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?" मी ओरडले.

ते मान खाली घालून कांदा चिरत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या मालकिणीला विचार, चार माणसांचा खोका मिळतो का."

हे पत्र पाठवत नाही. वाचून तू रडत त्यांना फोन करशील आणि ते पुन्हा ताठ होतील. मीच फोनवर एवढं सांगते, चौघांचा मागव आणि जावयाला घेऊन ये.

तुम्हा बापलेकीच्या मधे पिचलेली,
आई