गाडीला लांबचा रस्ता हवा

सुर्ला, डिचोली
श्रावणातला सोमवार

प्रिय तेजस्विनी,

बाय, पाकीट बघून घाबरू नकोस. इथे सगळे धडधाकट आहेत. सुलोचनाचे गुडघे कुरकुरतात, पण त्यांच्याहून जास्त ती स्वतः कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम. दर रविवारी फोनवर एकमेकांची तोंडं बघतोच आपण, मग बाबांना टपालाची हौस कुठून आली, असं तुला वाटेल. हौस कसली! एका गाडीने माझं डोकं भणाणून सोडलंय. या वाड्यावर गाडीबद्दल मत प्रत्येकाला आहे, माझं ऐकून घ्यायला कान कोणालाच नाही. आणि चवथीच्या आत काय ते एक ठरवायचंय, नाहीतर गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीची फळं आणायलासुद्धा लोकांच्या दारात उभं राहायची पाळी. म्हटलं, तेजस्विनीपुढे बसावं. ती निदान मधेच तोंड घालणार नाही.

आपली जुनी गाडी अखेर गेली गे. तुझ्याच माहेरच्या वाटेवर गेली, पेडण्याला एका लग्नाला निघालो होतो तर धारगळला हायवेवर भर उन्हात धाप टाकून बसली. सुलोचना जरीची साडी नेसून रस्त्याकडेला उभी, हातात आहेराची पिशवी, आणि मोपाला विमान पकडायला निघालेल्या टॅक्स्या आमच्या तोंडावर धूळ उडवीत चाललेल्या. एकाने तर काच खाली करून विचारलं, "आजोबा, म्युझियमला नेताय काय?" मी त्याला जे म्हणालो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मेकॅनिकने गाडी वर उचलून दाखवली तर खालचा पत्रा गंजून पापडासारखा झालेला. तो म्हणाला, "जयरामभाई, आता हिला औषध नको, तुळशीचं पान ठेवा." वर पंधरा वर्षं भरलेली, पुन्हा पासिंग मिळायची आशा नाही. खाणी बंद झाल्या, आपला ट्रक भंगाराच्या भावात गेला, तेव्हा आपल्या सागरने कुठून तरी हुडकून आणली होती ती. तू नवरी होऊन आलीस ती तिच्यातून, गौरवीला दवाखान्यातून घरी आणली ती तिच्यातून. सागर त्या कोविडात गेला, त्यानंतर तिला विकायचं कोणी बोललं की सुलोचना उठून भांडी घासायला लागायची, घासलेली भांडी. आणि मग तू श्रीनाथरावांच्या घरी जायला निघालीस तेव्हा तुझ्या ट्रंका मीच तिच्यात चढवल्या आणि पेडण्याला तुझ्या भावाकडे पोचवल्या. असो. गंजायचीच होती. लोखंड आहे.

तर आता दुसरी घ्यायची. पैशाचं बघितलंय, ते डोकं खात नाही. डोकं खातात ती माणसं. आमचा पुतण्या प्रवीण मोपाला विमानतळावर नोकरीला लागल्यापासून सगळ्या जगाची इंजिनं याच्याच खिशात. तो म्हणतो हायब्रीड. म्हणजे पेट्रोलही आणि बॅटरीही, एका घरात दोन बायका, आणि तरी भांडण नाही असं त्याचं म्हणणं. दाखवायला मित्राची गाडी घेऊन आला. अंगणात मागे घेतली तर आवाज नाही, काही नाही. आपल्या कोंबड्या ढिम्म हलल्या नाहीत! सुलोचना ओरडली म्हणून वाचल्या. मी म्हटलं, "प्रवीण, ज्या गाडीला कोंबडीसुद्धा विचारत नाही ती मी कशी घेऊ?" तर म्हणतो, "काका, तुम्ही अजून खाणीतच आहात. आता तुमचं फिरणं किती? पोदेर पाव घेऊन आला की घरातून गेटपर्यंत!" बघ. याला मी खांद्यावर बसवून शिरगावची जत्रा दाखवली आहे.

दुसरीकडून सगुण. तो माझ्याबरोबर टिपर चालवायचा, तुला आठवतो ना, मोठ्या मिशांचा? त्याचं म्हणणं, "जयराम, जन्मभर आपण साबण लावला तरी अंगाला डिझेलचाच वास यायचा. आता म्हातारपणी तू बॅटरीवर चालणार? टॉर्च आहेस काय?" मला पटत होतं. मी तर डिझेलच घ्यायचं मनात धरून बसलो होतो. पण सगुणच्या मुलाने गेल्या वर्षी नवीन डिझेल गाडी घेतली, तिची कथा ऐक. गाडी जाऊन जाऊन जाते कुठे, तर डिचोलीच्या बाजाराला. नव्या डिझेल गाड्यांना धूर गाळायची एक चाळणी असते. गाडी जवळच्या जवळ फिरली की इंजिन धड तापत नाही, चाळणीत काजळी धरते, आणि समोर दिवा लागतो. मग ती काजळी जाळायची तर गाडी मोकळ्या रस्त्यावर लांब, एका वेगाने पळवावी लागते. तर आता सगुण आणि त्याचा मुलगा दर रविवारी हायवेने बांद्यापर्यंत जातात आणि परत येतात. काम काही नाही. म्हशीला फिरवून आणतात तसे गाडीला फिरवून आणतात! आणि हा माणूस मला सांगतो डिझेल घे.

अशात सुलोचनाने देवळात प्रसाद लावला. मला न विचारता गेली. देवीच्या अंगावर दोन पाकळ्या, उजवी डिझेल, डावी हायब्रीड. जी पहिली पडेल ती घ्यायची. भट बिचारा गाऱ्हाणं घालून घालून थकला, दोन्ही पाकळ्या चिकटून बसल्या त्या बसल्याच. शेवटी तो म्हणाला, "वयनी, मनात एक आणि तोंडावर दुसरं असलं की असं होतं." ही घरी आली ती भटावर डाफरत. मनात दुसरं काय असणार म्हणे, गाडीचंच तर विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. आणि दोघांचा चहा मीच केला.

मग परवा आम्ही बसने पर्वरीला गेलो, शोरूममध्ये. आत एवढी थंडी की सुलोचनाने पदर कानावरून घेतला. स्नेहा नावाची पोरगी होती, तुझ्याच वयाची असेल, चांगली हसतमुख. तिने दोन्ही गाड्या दाखवल्या, चहा दिला आणि मग विचारलं, "काका, तुमचं रनिंग किती? म्हणजे महिन्यात गाडी फिरते किती, कुठे कुठे? त्याच्यावर सगळं आहे." मी काही बोलायच्या आत सुलोचनाच म्हणाली, "फिरते कसली! सोमवारी देऊळ, शुक्रवारी म्हापशाचा बाजार आणि मधेच यांचा डॉक्टर." पोरीने लगेच हायब्रीडचा कागद पुढे केला. "थांबत थांबत, जवळच्या जवळ फिरणाऱ्यांना हीच बरी, काका." खरं तर इथेच संपलं होतं. सही करायची आणि घरी यायचं. पण तो कागद बघून मला काय झालं कोण जाणे. देऊळ, बाजार, डॉक्टर. एवढंच उरलंय आता, आणि त्याला साजेशी गाडी आली आहे, असं वाटलं. आणि मी तोंड उघडलं. म्हटलं, "गडहिंग्लजला जावं लागतं. दर महिन्याला. आंबोलीचा घाट चढून, आजऱ्यावरून." सुलोचनाने कप खाली ठेवला. पोरगी म्हणाली, "हो? कोण असतं तिकडे?" मी म्हटलं, "आमची मुलगी असते. आणि नात." तिने हसून कागद बदलला. "मग डिझेलच घ्या. घाटाला ताकद लागते, आणि लांबचा रस्ता मिळाला की ही गाडी तक्रार करत नाही. पण काका, खरंच जाणार असाल तरच हं. दारात ठेवायला डिझेल घेऊ नका."

परतीच्या बसमध्ये जे झालं त्याला भांडण म्हणतात का मला ठाऊक नाही, कारण सुलोचना सगळं हळू आवाजात बोलली. "तुमकां कोणें आपयलां थंय?" कोणी बोलावलंय तुम्हाला तिकडे? मुलगी म्हणे! मी म्हटलं, मुलगी नाही तर कोण आहे ती? तर म्हणाली, "लेकीच्या घरी जाता येतं. सुनेच्या दुसऱ्या घरी कोण जातं? तिथं तिची सासू आहे, शेजारीपाजारी आहेत. पहिल्या घरची माणसं दर महिन्याला येऊन बसतात, पोरीला रुळू देत नाहीत, असं कोणी बोललं तर तेजस्विनीने कोणाकडे बघायचं?" मग मी गाडीवरच राग काढला, प्रवीणवर काढला, त्या धूर गाळायच्या चाळणीवर काढला. डिचोली आली तरी माझं चालूच. घरी आल्यावर तिने जेवण वाढलं आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "मला घाटात मळमळतं. पुढच्या सीटवर बसावं लागेल." एवढंच. नंतर विचारलं तर म्हणते, मी असं कुठे म्हटलं?

तेजस्विनी, खरं सांगू? चूक कोणाचीच नाही, म्हणूनच जास्त चिडचिड होते. कोणी वाईट वागलं असतं तर निदान त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. श्रीनाथराव सोन्यासारखा माणूस. गौरवी त्यांना पप्पा म्हणते, ते फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुलोचनाने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "बरं झालं, पोर रुळली." आणि खरंच बरं झालं. तुझं पुन्हा लग्न व्हावं म्हणून तुझ्या भावाइतकाच मीही फिरलो, आणि पुन्हा फिरेन. पण लग्न लागलं आणि आमचं नातं कुठल्या खुंटीला अडकवायचं तेच कळेनासं झालं. मी श्रीनाथरावांचा सासरा नाही, त्यांच्या आईचा व्याही नाही. लग्नाच्या मांडवात मी मुद्दाम टोकाला बसलो होतो, पेडण्याच्या लोकांत. निघताना श्रीनाथरावांची आई माझ्यापाशी येऊन हात जोडून म्हणाल्या, "येत जा." ते 'येत जा' मी अजून चघळतोय. मांडवातून निघणाऱ्या प्रत्येकालाच म्हणतात तसं होतं, की मला म्हटलेलं होतं? दोन वर्षांत एकदा तू मे महिन्यात गौरवीला घेऊन आलीस, तेवढंच. त्याबद्दल तक्रार नाही. तुझी नोकरी, तिची शाळा, घरचं सगळं. फोनवर ती चित्रं दाखवते, पडलेला दात दाखवते. पण बाय, फोनमध्ये पोर किती उंच झाली ते कळत नाही गे. नेहमी तेवढीच दिसते.

आता हे पत्र का घातलं ते लिहितो. फोनवर विचारलं असतं तर तुला 'या की बाबा' म्हणावंच लागलं असतं, तुझा स्वभाव मला माहीत आहे. आणि शेजारी कोणी असतं तर वेगळीच अडचण. म्हणून कागदावर विचारतोय, तू एकटी असताना वाच, वाटलं तर श्रीनाथरावांना दाखव, नाही वाटलं तर फाडून टाक. महिन्यातून एकदा आम्ही दोघांनी तुझ्याकडे यावं का? सकाळी निघून यायचं, गौरवीबरोबर जेवायचं, उजेड आहे तोवर परत घाट उतरायचा. रात्री राहणार नाही, कोणाला अवघड होईल असं काही बोलणार नाही. कोण म्हणून आलात असं कोणी विचारलं तर तू सांगशील ते आम्ही. नको असलं तरी मोकळेपणाने नको म्हण. या घरात तुझ्याबद्दल तिळभर किंतु येणार नाही, हे मी देवीवर हात ठेवून लिहितोय. आणि उत्तर लिहीत बसू नकोस. रविवारी फोन येईल तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारीन, "तेजस्विनी, कुठली गाडी घेऊ गे?" आम्ही यावं असं वाटलं तर डिझेल म्हण, नाहीतर हायब्रीड म्हण. ऐकणाऱ्याला वाटेल, म्हातारा गाडीचा सल्ला विचारतोय. तू जे म्हणशील ते मी सोमवारी शोरूमला कळवीन. सुलोचनाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. पण रविवारी ती माझ्याजवळच बसलेली असेल, आणि तू काय म्हणालीस याचा अर्थ तिला सांगावा लागणार नाही.

तुझेच,
बाबा